खालचं सगळं शांत आहे

हर्षवर्धनच्या गालावर मी चापट मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसला आणि हसता हसताच पुन्हा झोपला. भर दुपार होती. ताटातला वरणभात तसाच पडला होता आणि तोंडातला घास तोंडातच राहिला होता. मी बोट घालून तो घास बाहेर काढला. जेवता जेवता लहान बाळ झोपतं हो, चांगला बाप्या माणूस कधी झोपलेला बघितलाय?

"दुभाष्या, ह्याला काय झालंय?" मी भिंतीकडे बघून विचारलं.

"खालचं सगळं शांत आहे," दुभाष्या म्हणाला. "मूत्राशय ठीक. टाचा ठीक. स्नायू सैल आहेत. औषध सुरू आहे."

एवढा गोड आवाज, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

दुभाष्या म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हर्षवर्धन माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारते. सासूबाईंना ते खपत नाही, पण त्यांनी बोलायचं सोडलंय आणि मी ऐकायचं. पाटणच्या वर पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथं तो दुरुस्तीच्या कामाला होता. दोन वर्षांपूर्वी आतल्या शिडीवरून पडला आणि पाठीचा मणका मोडला. हात शाबूत, डोकं शाबूत, तोंड तर विचारूच नका. पण छातीच्या खाली काही म्हणजे काही कळत नाही. चिमटा काढा नाहीतर विंचू सोडा.

डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. मणक्याच्या आतून मज्जारज्जू जातो. तो मधेच तुटला म्हणून खालचं अंग मरत नाही. ते जिवंत असतं, बोलतही असतं, फक्त त्याचं बोलणं मेंदूपर्यंत पोचत नाही. लघवी तुंबली, टाचेखाली चादरीची चुणी आली, नख रुतलं, की खालच्या नसा आरडाओरडा सुरू करतात. वरून त्यांना कुणी गप्प करायला नाही. मग त्या खालच्या सगळ्या रक्तवाहिन्या आवळून धरतात, रक्त वर चढतं आणि दाब इतका वाढतो की मेंदूतली नस फुटू शकते. चादरीच्या एका चुणीपायी माणूस जाऊ शकतो, असं डॉक्टर मला शांतपणे म्हणाले. पुढचं वर्षभर मला धड झोप नव्हती. त्याला कुशीवर वळवायचं, सगळ्या अंगावरून हात फिरवायचा, बोटन्‌बोट तपासायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

मग हे यंत्र आलं. मोडलेल्या मणक्याच्या खाली, थेट मज्जारज्जूवर, कागदापेक्षा पातळ पट्टी बसवली. ती खालच्या नसांचं बोलणं ऐकते आणि भिंतीवरचा डबा ते आपल्याला मराठीत सांगतो. "मूत्राशय भरलं आहे." "डावी टाच दुखते आहे." कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला दुभाष्या म्हणायला लागलो. शिवाय हर्षवर्धनच्या पोटाच्या कातडीखाली एक चपटा पंप बसवला. त्यातून स्नायू सैल करणारं औषध मणक्याभोवतीच्या पाण्यात थेंबाथेंबानं जातं. नसांनी आरडाओरडा केला, पाय आखडले, की दुभाष्या औषध वाढवतो. मर्यादेपर्यंत तो स्वतःच्या मनानं वाढवतो, पुढे जायचं तर दोन माणसांची परवानगी लागते. घरातून माझी आणि कराडच्या दवाखान्यातून यंत्रावर लक्ष ठेवणाऱ्या कांबळे सिस्टरची.

खोटं कशाला बोलू, यंत्र आलं आणि मी सुटले. एसटीतली नोकरी पुन्हा धरली. मी कंडक्टर आहे, पाटण ते कोयनानगर. वळवायचं काम पलंग आपोआप करायला लागला. अंगावरून हात फिरवायचं कारणच उरलं नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यासुद्धा सकाळी उठून भिंतीलाच विचारायच्या, "आज पोराचं पोट कसं हाय रं?"

एकदा हर्षवर्धन भडकला. "अगं, मला विचारा की! मी इथं पडलोय ना?"

"तुला काय कळतंय?" मी म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले होते. पण त्यानंतर काही दुखलंखुपलं तर तोही भिंतीलाच विचारायला लागला.

तर त्या दुपारी मी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर आली, खाली गेली आणि तिथंच थांबली. मी वाट बघत राहिले. मग एकदाची त्याची छाती हलली. मी ओरडले, "आत्या! इकडं या लवकर!" आणि कांबळे सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, हा जागा राहत नाहीये. श्वास मधेच थांबतोय."

पलीकडे सिस्टर पडद्यावर काहीतरी बघत असाव्यात. मग हळूच म्हणाल्या, "समृद्धीताई, डोस फार वर गेलाय हो. ह्या महिन्यात वाढतच गेलाय. तुम्ही मान्य केला होता ना?"

केला होता. गाडीत तिकिटं देता देता मोबाइल वाजला होता आणि मी बघितलं न बघितलं करून 'मान्य' दाबलं होतं. एकदा नाही, दोन-तीनदा.

"मला वाटलं तुम्ही बघाल," मी म्हणाले.

"मला वाटलं घरच्यांनी पेशंट बघूनच दाबलं असेल."

दोघींपैकी एकीनंही बघितलं नव्हतं. चूक होऊ नये म्हणून दोन माणसं ठेवली होती आणि दोघीही दुसरीच्या भरवशावर निवांत होतो. भांडायला वेळ नव्हता, नाहीतर मी सोडलं नसतं, त्यांनाही आणि स्वतःलाही.

"मी इथून पंप थांबवते," सिस्टर म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स निघतेय, पण कराडहून यायला पाऊण तास तरी लागेल. श्वास द्यायची पिशवी हाताशी ठेवा. शिकवलंय ना तुम्हाला?"

शिकवलं होतं. रबरी पिशवी, तिला मास्क. कपाटातून काढताना मास्क दोनदा खाली पडला.

पंप थांबला. थोड्या वेळात हर्षवर्धन हलला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याचं तोंड लालभडक झालं. कपाळावर घामाचे थेंब फुटले. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"समू... डोकं... डोकं फुटतंय गं."

"पोट आणि कमरेकडून मोठा आवाज येतो आहे," दुभाष्या म्हणाला. "कारण पोटातला वायू असावा. औषध पुन्हा सुरू करण्याची शिफारस आहे."

दंडाला बांधलेल्या दाब मोजायच्या पट्ट्यावर आकडा चढत होता. मी तो सिस्टरला सांगितला.

"औषध सुरू केलं तर श्वास थांबेल," त्या म्हणाल्या. "नाही केलं तर दाब असाच चढेल. ताई, ह्या यंत्रानं आतापर्यंत नुसता आवाज दाबलाय. ज्याच्यामुळे नसा ओरडतायत ते अजून तिथंच आहे. ते शोधा. आधी त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा."

पलंगाची पाठ उभी केली. आत्यांनी आणि मी पाय खाली ओढले. आत्या धावत जाऊन स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. "माझी बीपीची गोळी हाय. देऊ का अर्धी?"

"अजिबात नको!" फोनमधून सिस्टर केवढ्यांदा ओरडल्या. "तो धड जागा नाही, गोळी घशात अडकेल. आणि कारण सापडलं की दाब आपोआप धाडकन उतरणार, त्यात गोळीची भर पडली तर तो वर यायचाच नाही. दुसऱ्याची गोळी द्यायची नाही म्हणून किती वेळा सांगितलंय!"

आत्यांनी पाकीट पदरात लपवलं. मी एकेक बघत सुटले. लघवीची नळी मुडपलेली नव्हती, पिशवीत धार येत होती. पोट सकाळीच साफ झालं होतं, जेमतेम का होईना. टाचा, नखं, चादर, सगळं बघितलं.

"अंगावर काही घट्ट आहे का?" सिस्टरनी विचारलं. "पँट, मोजे, पट्टा?"

"नाही. लुंगी आहे, तीही सैल."

"नीट बघा."

"नाही हो सिस्टर, काही नाही!"

दुभाष्याही हे रोज सकाळी विचारायचा आणि आम्ही रोज नाही म्हणायचो, अगदी खरेपणानं. हर्षवर्धन आता कण्हत होता, डोळे पांढरे व्हायला लागले होते. मला एवढंच कळत होतं की हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चाललाय आणि मला तो पाहिजे आहे, चिडका, तोंडाळ, निम्म्या अंगाचा, कसाही पाहिजे आहे. मी त्याचा शर्ट वर ओढला आणि पूर्वी करायचे तसा सगळ्या अंगावरून हात फिरवायला लागले. काखा. बरगड्या. पोट.

पोट किती फुगलं होतं! रोज समोर असून मी ते धड बघितलंच नव्हतं. पोट आणि कमरेच्या मधे कातडीची घडी पडली होती. त्या घडीत बोट घातलं आणि बोटाला काहीतरी कडक लागलं. मी घडी ताणून बघितली. आत काळी रेघ होती, मांसात रुतलेली. दोन्ही बाजूंनी कातडी जांभळी पडून ओलसर झाली होती.

करदोटा.

आमच्याकडे मुलगा जन्मला की त्याच्या कमरेला काळा दोरा बांधतात. झिजला की दुसरा बांधायचा, पण कमर मोकळी ठेवायची नाही. अंघोळीला, झोपताना, लग्नात, कधीच नाही. बांधलेला पुरुष तो विसरून जातो आणि घरच्या बाईला तो दिसायचा बंद होतो. कुणी विचारलं, अंगावर काही घट्ट आहे का, तर करदोटा आठवत नाही. तो काय कपडा आहे? ह्या यंत्राला शेकडो गोष्टी शिकवल्या असतील, पण हा दोरा त्याला कुणी सांगितला नव्हता. आम्हीही नाही.

"सापडलं!" मी ओरडले. "सिस्टर, करदोटा आहे! आत रुतलाय!"

"कापा! ताबडतोब कापा!"

ड्रेसिंगच्या डब्यातली कात्री घेऊन मी वळले, तर आत्या त्याच्या कमरेवर आडव्या हात टाकून उभ्या.

"कापू नगंस."

"आत्या, बाजूला व्हा."

"समू, जित्या माणसाचा करदोटा तोडत्यात व्हय? कवा तोडत्यात म्हाईत हाय ना तुला?"

माहीत होतं. माणूस गेला की तोडतात. शेवटची अंघोळ घालताना.

"दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी कापलाच होता की!" मी म्हणाले.

"म्हणूनच! डॉक्टर म्हणलं हुतं, पाय येतील कदाचित. कापला आन् आलं का पाय? घरी आणल्या आणल्या मी माझ्या हातानं नवा बांधला, तवा कुटं माझ्या जिवात जीव आला. आता तू पुन्ना तोडतीस?"

"अहो, तो आधी पडला आणि नंतर कापला! काय बोलताय तुम्ही?" मी त्यांचा हात ओढला. त्या हलेनात. मला इतका राग आला होता आणि इतकी भीती वाटत होती की मी त्यांना ढकललं असतं. खरंच ढकललं असतं.

"आई," हर्षवर्धन म्हणाला. पुढे त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द वेडेवाकडे आले, जीभ जड झाल्यासारखे. मग तोही आवाज बंद झाला.

आत्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हातातून कात्री हिसकावून घेतली. मला वाटलं, फेकून देतायत.

"तू नगं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातनं नगं. तुझ्या कपाळाला कुंकू हाय. काय व्हायचं ते माझ्या हातनं हुं दे, माझं जायचं ते कवाच गेलंय. धर ती कातडी. दाब खाली."

मी दोन्ही अंगठ्यांनी घडी दाबून धरली. आत्यांनी कात्रीचं बोथट टोक दोऱ्याखाली सरकवलं. दोरा ओला होऊन आखडला होता, कात्री घसरत होती. त्या तोंडानं देवाचं नाव घेत होत्या आणि हात मात्र दगडासारखा स्थिर होता. कच्‌कन आवाज आला.

आकडा उतरायला लागला. घाम थांबला, तोंडावरची लाली ओसरली. मी फोनमध्ये आकडे ओरडून सांगत होते आणि रडत होते.

"कमरेकडचा आवाज थांबला आहे," दुभाष्या म्हणाला.

आणि हर्षवर्धनची मान पुढे पडली.

ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. नसांचा आरडाओरडा थांबला, पण औषध मणक्याभोवती तेवढंच होतं. आतापर्यंत त्या दुखण्यानंच त्याला जागं ठेवलं होतं. आता त्याला उठवायला काही उरलं नाही. छाती खाली गेली ती वर येईना.

"तोडला नि गेला," आत्या पुटपुटल्या. कात्री हातातच होती. "बगितलंस? मी मारला त्याला."

"गेला नाहीये! पलंग आडवा करा! हनुवटी वर धरा त्याची!" मी मास्क त्याच्या तोंडावर दाबला आणि पिशवी आवळली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. पुन्हा आवळली. "आत्या, बघा! हलतेय ना छाती? माझ्याकडं नको, छातीकडं बघा!"

त्या बघत होत्या. मी पिशवी आवळली की छाती वर यायची. थोड्या वेळानं माझ्या बोटांना गोळे आले. आत्यांनी पिशवी घेतली. आधी जोरात आवळली, मग सिस्टर फोनवरून सांगत गेल्या तशी हळूहळू लय पकडली. मी मास्क धरून बसले. अशाच आम्ही आलटून पालटून बसलो. बाहेर रिक्षा, कुणाची तरी स्कूटर, शाळा सुटल्याचा गोंगाट, आणि घरात आम्ही दोघी एका माणसाचा श्वास हातानं ओढतोय. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तेव्हाही आत्या पिशवी सोडेनात. ॲम्ब्युलन्समधून आलेल्या डॉक्टर पोरीला त्यांची बोटं सोडवावी लागली.

कराडला त्याला दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. औषध उतरत गेलं तसा तो जागा होत गेला. मेंदूला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी सगळा घोळ उलगडून सांगितला, आणि तो ऐकून मला पुन्हा नव्यानं भीती वाटली. करदोटा बांधला तेव्हा सैलच होता. ह्या औषधानं आतडी मंदावतात, म्हणून पोट थोडं फुगलं. पोट फुगलं म्हणून दोरा थोडा आवळला. दोरा आवळला म्हणून नसा ओरडल्या. नसा ओरडल्या म्हणून दुभाष्यानं औषध वाढवलं. औषध वाढलं म्हणून पोट आणखी फुगलं. महिनाभर हे चक्र फिरत होतं, आणि रोज सकाळी दुभाष्या आम्हाला सांगत होता की सगळं शांत आहे. तो खोटंही बोलत नव्हता. आवाज कमी करायचा एवढंच त्याला शिकवलं होतं, आणि तो त्यानं केला होता.

"यंत्र काढून टाका," मी म्हणाले.

"काढा म्हटलं तर काढू," डॉक्टर म्हणाले. "पण मग औषध अंदाजानं द्यावं लागेल, तेही धोक्याचंच. यंत्र ठेवा. मर्यादा मी खाली आणतो. परवानगी देताना मात्र माणूस बघा."

कांबळे सिस्टर भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, मी त्यांचा धरला.

हर्षवर्धनला सगळं सांगितलं. कमरेला हात लावून तो बराच वेळ चाचपडत राहिला. हाताला ड्रेसिंगची पट्टी लागत होती, कमरेला हात लागलेला कळत नव्हता.

"इतके दिवस कापत होतं मला," तो म्हणाला, "आणि मला पत्ताच नाही. समू, मला ह्याची भीती वाटते गं. मरायची नाही एवढी. माझं काय चाललंय हे मलाच सगळ्यात शेवटी कळतं, ह्याची."

"रोज हात फिरवून बघीन," मी म्हणाले. "आणि आधी तुला विचारीन. शपथ."

घरी सोडायच्या सकाळी आत्या पिशवीतून काळ्या दोऱ्याचा गोफ काढायला लागल्या. माझं टाळकंच सरकलं.

"आत्या! आता पुन्हा? एवढं रामायण झालं आणि पुन्हा?"

"वरडू नगं. मोकळा ठिवला तर मला झोप लागायची न्हाई." त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेतला. "कमरंला न्हाई बांधत. मनगटाला बांधते. हितं त्याचं त्याला कळंल."

त्यांनी दोऱ्याचा वेढा घेतला, गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि सवयीनं जरा ओढून बघितली.

"आई," हर्षवर्धन म्हणाला, "घट्ट झालं गं."

त्यांचे हात थांबले. "घट्ट झालं?"

"व्हय की. टोचतंय."

"खरंच टोचतंय व्हय रं?"

"अगं टोचतंय म्हणतोय ना! सोड की!"

आत्यांनी गाठ सोडली आणि त्याचं मनगट तोंडाशी धरून हमसून हमसून रडायला लागल्या.